बंद खाडीचा वास

गावात तिला सगळे नाकवाली म्हणत, आणि गेलं वर्षभर तरी ते काही कौतुकाने म्हणत नव्हते. त्याआधी मात्र याच नाकाचा गावाला केवढा अभिमान होता! मासळीच्या लिलावघरात ती माल निवडायला होती तेव्हा टोपलीजवळून नुसती चालत गेली तरी तळाचा कुठला मासा कालचा आहे ते सांगायची. भले भले व्यापारी तिच्यासमोर थापा मारायचं टाळत. म्हणूनच, तेलाचा अपघात झाल्यावर सरकारने शिंपल्यांचा वास घेणारी माणसं नेमायची ठरवलं तेव्हा गावाने सगळ्यांत आधी तिला पुढे केलं.

ते तेल आलं एका जहाजातून. धुक्यात वाट चुकून जहाज खाडीच्या तोंडाशी खडकावर चढलं आणि त्याचं पोट फाटलं. पहिले काही दिवस नुसता वास होता. तेलातला हलका, उडून जाणारा भाग हवेत चालला होता आणि सारं गाव डोकं धरून बसलं होतं. लहान मुलं ओकत होती, शाळा बंद, खिडक्या बंद. मग वास विरळ झाला आणि लोकांना वाटलं, सुटलो. कसले सुटतात! हलकं होतं ते उडून गेलं, जड होतं ते मागे राहिलं. लाटांनी ते पाण्याबरोबर घुसळून घुसळून त्याचा तपकिरी चिकट लगदा केला. आता त्याच्या पोटात पाणीही शिरलेलं, त्यामुळे सांडलं होतं त्याहून ते कितीतरी वाढलं. वल्हं घातलं की रुतून बसायचं. मग ते काठाला लागलं, खडकांवर वाळलं, उन्हाने त्याचं डांबर झालं. काही गाळाला धरून तळाशी बसलं. उरलेल्यावर पाण्यातले सूक्ष्म जंतू तुटून पडले आणि ते हळूहळू खाऊ लागले.

हे जंतूंचं पाणी तपासायला आलेल्या सरकारी प्रयोगशाळेच्या बाईंनी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा नाकवालीच्या सासऱ्यांचा विश्वास बसला नाही. सासऱ्यांचा सगळा जन्म खाडीत दोऱ्या टांगून शिंपले वाढवण्यात गेलेला. ते म्हणाले, तेल खाणारे किडे असतील तर बाई, आणखी बोलवा की चार, आमची काही ना नाही. बाई हसल्या आणि म्हणाल्या की ते आपणहून येतात, पण त्यांचं जेवण फार सावकाश चालतं.

शिंपल्याचं असं असतं, की तो दिवसभर पाणी पितो आणि गाळतो. पाण्यात जे असेल ते त्याच्या अंगात उतरतं. म्हणून खाडी बंद झाली. दोऱ्या टाकायच्या नाहीत, शिंपले काढायचे नाहीत, विकायचे नाहीत. दरवर्षी खाडीतून नमुने काढायचे, वाफवायचे आणि निवडलेल्या माणसांनी त्यांचा वास घ्यायचा. सगळ्यांनी 'नाही' म्हटलं तर खाडी उघडणार. एकाने जरी 'आहे' म्हटलं तरी आणखी एक वर्ष बंद. यंत्रंही होती, पण सरकारचं म्हणणं असं, की शिंपले यंत्र खात नाही, माणूस खातो.

खाडी बंद झाली तशा होड्या काठावर आल्या, आणि काठावरच्या होडीचं इंजिन बिघडत नाही. तिचा नवरा नेमका इंजिनांचा मिस्त्री. वर्षभर त्याने जुने पंप, पिठाच्या गिरण्या, मिळेल ते दुरुस्त केलं. मग लांबच्या एका मोठ्या बंदरात, जहाजं दुरुस्त करतात तिथे, त्याला काम लागलं. सासरे गाव सोडायला तयार नव्हते, त्यांना एकटं ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून ती राहिली. निघताना तो उंबऱ्यात बूट चढवत म्हणाला, "खाडी उघडली ना, की त्या आठवड्यात मी घरी. लिहून घे."

तिने लिहून घेतलं नाही, पण त्यानंतरचे सगळे दिवस ती या एका वाक्यावर जगली. भाजी चिरताना, सासऱ्यांच्या गुडघ्याला शेक देताना, दुपारी अंगणात कपडे झटकताना तिच्या मनात तेवढंच चालायचं, की खाडी उघडली की तो येणार. पहिली काही वर्षं तो सुट्टीत यायचा. आला की आधी नळ दुरुस्त करायचा, मग तिच्याकडे बघायचा. ती चिडवायची, नळाशी माझ्याआधी लग्न झालंय वाटतं. तो गेला की घर पुन्हा मोठं व्हायचं आणि तिला त्याची फार आठवण यायची.

मग ते वर्ष आलं, जेव्हा सगळ्यांना वाटलं की आता उघडणारच. खडकांवरचं डांबर निम्मं झिजलं होतं, पाणी निवळलं होतं, यंत्राने शून्य दाखवलं होतं. गाव जीव मुठीत धरून बसलं होतं.

नाकवाली आपल्या कामाला प्रामाणिक, जरा जास्तच. नियम असा होता, की चाचणीच्या आदल्या दिवसापासून अत्तर नाही, पावडर नाही, वासाचा साबण नाही, कांदा-लसूण नाही. हात धुवायला प्रयोगशाळेने बिनवासाचा साबण ठेवला होता. पण ती म्हणायची, साबण तो साबण, त्याला कसला तरी वास असणारच. ती दोन दिवस कुठल्याच साबणाला हात लावत नसे. हात धुवायचे ते नुसत्या पाण्याने, चांगले खसाखसा. बाकीचे तिची थट्टा करत आणि तरी मनातून मानतही.

वास घ्यायची खोली अगदी कोरी होती. पांढऱ्या फरश्या, पडदा नाही, झाड नाही. प्रत्येकाला फळ्यांनी वेगळं बसवलेलं, म्हणजे एकाचं तोंड बघून दुसऱ्याने ठरवायला नको. समोर झाकण घातलेला गरम वाडगा यायचा. दोन्ही हातांत धरायचा, नाकाशी न्यायचा, झाकण उचलायचं, आणि समोरच्या दोन बटणांपैकी एक दाबायचं.

तिने झाकण उचललं, वाफ वर आली, आणि वाफेबरोबर तो आला. बारीक, पण नक्की. तेलच.  तिने झाकण ठेवलं, श्वास मोकळा केला, पुन्हा उचललं. होताच. दुसऱ्या वाडग्याला होता, तिसऱ्याला होता. ती बराच वेळ बटणांकडे बघत बसली. 'नाही' दाबलं असतं तर आठवड्यात नवरा दारात होता. आणि गावातली पोरंबाळं तेच शिंपले खाणार होती. तिने 'आहे' दाबलं.

बाकी सगळ्यांनी 'नाही' म्हटलं होतं.

 लिलावघरातल्या बायका तिला बघून बोलणं थांबवू लागल्या. एका होडीवाल्याने भर रस्त्यात विचारलं, की नाक गहाण टाकायला काय घेशील. सासऱ्यांनी तिला एका शब्दाने दुखावलं नाही. फक्त नव्या दोऱ्या विणत होते त्या गुंडाळून माळ्यावर टाकल्या आणि म्हणाले, "तुला आला ना वास? मग झालं." तेव्हा ती मोरीत जाऊन रडली.

त्या वर्षी नवरा सुट्टीत आला नाही. काम फार आहे म्हणाला. फोन करायचा, पण बोलणं तुटक. बाबांचं औषध, छपराची गळती, आणि खाडीचं काय. तिच्या ओठांवर यायचं की मला करमत नाही हो, पण मागच्या खोलीत सासरे असायचे, आणि लाजही वाटायची, या वयात काय असलं बोलायचं. मग तीही खाडीचंच बोलायची.

पण एक गोष्ट तिच्याकडे होती, आणि ती तिने कुणाला सांगितली नव्हती. नवरा गेला तेव्हा त्याचं कामाचं जाकीट खुंटीवर राहिलं होतं. बाह्या काळ्या, पुढची बाजू डिझेलने ताठ झालेली. ती ते धुवायला काढणार होती आणि तोंडाशी आणताच तिथेच थांबली. तो घरी येऊन तिच्या मागे उभा राहिला की जो वास यायचा, तोच. तिने जाकीट जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं, गाठ मारली आणि ट्रंकेत ठेवलं. रोज झोपण्याआधी ती गाठ सोडायची, दोन्ही हात आत घालून जाकीट पोटाशी धरायची, कॉलरमध्ये तोंड खुपसायची, आणि वास जाऊ नये म्हणून लगेच गाठ मारायची. कुणी बघितलं असतं तर तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं.

पुढच्या चाचणीच्या थोडं आधी प्रयोगशाळेच्या बाईंनी तिला ओहोटीच्या वेळी खाडीवर बोलावलं. बाईंना गाळ तपासायचा होता आणि त्यांना तिचं नाक सोबत हवं होतं. दोघी गुडघ्यापर्यंत चिखलात उभ्या राहून खणत होत्या. वरचा थर स्वच्छ निघाला. त्यात किडे होते, खेकड्याची बिळं होती. हातभर खाली मात्र फावड्याला काळं लागलं, आणि असा वास सुटला की ती मागे सरली. जहाज कालच फुटलं असावं तसा.

बाईंनी समजावून सांगितलं. वर हवा खेळते, तिथे जंतू जगतात आणि तेल संपवतात. खाली हवा पोचत नाही, म्हणून तिथलं तेल आहे तसं राहतं. किती वर्षं राहील, तर बहुधा आपल्याहून जास्त. तिने विचारलं, मग खणून काढून टाकायचं का. बाई म्हणाल्या, नाही, ढवळलं तर वरचं सगळं पुन्हा नासेल. ते तिथेच राहू द्यायचं. हवा लागली असती तर केव्हाच गेलं असतं.

"पण मग शिंपले?" ती म्हणाली.

"शिंपले वर दोरीला टांगलेले असतात. गाळात काहीही असो, त्यांचं पाणी स्वच्छ आहे. माझ्या हिशेबाने त्यांना वास यायलाच नको," बाई म्हणाल्या, आणि तिच्याकडे एकदा बघून फावडं धुऊ लागल्या.

चाचणीच्या दिवशी ती नेहमीसारखी कोरड्या केसांनी, बिनसाबणाच्या हातांनी जाऊन बसली. वाडगा धरला, झाकण उचललं. वाफ आली, वास आला. तिला ओरडावंसं वाटलं. दुसऱ्या वाडग्याला तोच. एकेका वाडग्याला तिने 'आहे' दाबलं आणि मान खाली घालून घरी आली. संध्याकाळपर्यंत बातमी गावभर झाली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रयोगशाळेच्या बाई घरी आल्या. सासरे अंगणात ऊन खात बसले होते. त्यांना नमस्कार करून बाई आत आल्या, पाणीसुद्धा न घेता तिच्यासमोर बसल्या. त्या म्हणाल्या, की या वेळी त्यांनी एक युक्ती केली होती. वाडग्यांपैकी दोन वाडगे या खाडीचे नव्हतेच. ते शिंपले फार दूरच्या समुद्रातले होते, जिथे कधी तेल सांडलेलं नाही.

"तुम्ही त्यांनाही 'आहे' म्हटलंत."

 आपलं नाक खोटं ठरलं याहून मोठी आपत्ती तिला सुचत नव्हती.

"मला वास आला होता बाई. शपथेवर सांगते."

"आला असणार. तुम्ही खोटं बोलणाऱ्यांतल्या नाही. हात दाखवा बघू."

तिने हात पुढे केले. बाईंनी तिची बोटं नाकाशी नेली, जराशी हुंगली, आणि नवलाने वर बघितलं.

"मिस्त्री आलेत का घरी?"

"नाही हो. केव्हापासून आले नाहीत."

"मग तुमच्या हाताला डिझेल कसं?"

तिने स्वतःचे हात नाकाशी नेले. काही नव्हतं. म्हणजे होतं, पण ते तिला घरातल्या भिंतींच्या वासासारखं झालं होतं, रोजचं, म्हणून न कळणारं. प्रयोगशाळेच्या कोऱ्या खोलीत, गरम वाडग्याला बोटं चिकटली, वाफ लागली, की तेच उठून नाकात शिरत होतं. ट्रंक तिच्या पाठीशीच होती. ती मागे न बघता लाल झाली, आणि मग तिने सगळं सांगितलं. जाकीट, पिशवी, गाठ, सगळं. चाचणीच्या दोन दिवस आधीपासून साबण नाही, हेही सांगितलं. बाई हसल्या असत्या तरी चाललं असतं, पण त्या हसल्या नाहीत.

"नुसत्या पाण्याने तेल कुठे जातं," त्या हळूच म्हणाल्या. "नियम जरा कमी पाळला असतात तर बरं झालं असतं."

नाकवालीला आता सगळं एकदम कळलं. ज्याच्यासाठी खाडी उघडायला हवी होती, त्याच्याच आठवणीने तिने ती बंद ठेवली होती. गावाची दोन वर्षं, सासऱ्यांच्या दोऱ्या, आणि त्याचं येणं. सगळं त्या पिशवीच्या गाठीत अडकलं होतं, आणि गाठ रोज ती स्वतः मारत होती.

बाईंनी तोडगा काढला. वरिष्ठांना त्या एवढंच कळवणार होत्या, की वाडगे धरताना हात स्वच्छ नव्हते, म्हणून चाचणी पुन्हा घ्यावी. कुणाचे आणि का, ते कळवायची गरज नव्हती. पण तोवर तिच्या हाताला, केसांना, उशीला तो वास नको. काय करायचं ते बाई बोलल्या नाहीत. दाराशी चपला घालताना फक्त म्हणाल्या, की ऊन चांगलं आहे.

बाई गेल्यावर नाकवाली ट्रंकेपाशी जाऊन बसली. मग तिने पिशवी काढली, गाठ सोडली, एकदा, शेवटचं, पोटभर हुंगून घेतलं. आणि जाकीट बाहेर नेऊन दोरीवर टाकलं, बाह्या पसरून, खिसे उलटे करून. सासऱ्यांनी बघितलं. आपल्या मुलाचं जाकीट त्यांनी ओळखलं असणार, पण त्यांनी तोंड दुसरीकडे फिरवून खाडीकडे बघायला सुरुवात केली.

आधी वरचा तिखट वास गेला, दोन उन्हांतच. मग जड, तेलकट वास मागे राहिला, तो जाता जाईना. तिने ते गरम पाण्यात साबण घालून चोळलं, पुन्हा वाऱ्यावर टाकलं. रोज संध्याकाळी ती जाऊन कॉलर हुंगायची आणि रोज तिथे तो थोडा कमी असायचा. एके दिवशी तिथे नुसतं कापड होतं. कुठल्याही दुकानातलं, कुणाचंही. ते घडी करताना तिला इतकं एकटं वाटलं, जितकं तो गेला त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

पुन्हा चाचणी झाली. तिने बिनवासाच्या साबणाने कोपरापर्यंत हात धुतले. झाकण उचललं. वाफेला मीठ होतं, शेवाळ होतं, ओल्या दगडाचा गारवा होता. तेल नव्हतं. तिने 'नाही' दाबलं.

खाडी उघडली. गावाला त्या दिवशी तिचं नाक पुन्हा आवडू लागलं. ज्याने नाक गहाण टाकायला सांगितलं होतं तो होडीवाला दारात येऊन हसून गेला. सासऱ्यांनी माळ्यावरून दोऱ्या खाली काढल्या आणि गुडघे विसरून उकिडवे बसून गाठी तपासू लागले. भर दुपारी, दुसऱ्या कुणाकडून बातमी पोचायच्या आत, तिने नवऱ्याला फोन लावला. सांगितलं, उघडली.

"अरे वा," तो म्हणाला. मागे कुठेतरी लोखंडावर हातोडे पडत होते. "बाबा खूश असतील."

"मग कधी निघताय?"

त्याने आधी मागे कुणाला तरी 'आलो' म्हणून हाक दिली. मग म्हणाला, "बघतो."

'बघतो' म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. 

"बघतो काय? त्या आठवड्यात येणार होतात तुम्ही."

"तुला हवंय का मी यायला?" तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, थकलेला होता. "मागच्या वर्षी सगळे 'नाही' म्हणाले, एकटी तू 'आहे' म्हणालीस. यंदाही आधी तूच. इथे बातमी यायला वेळ लागत नाही. पहिल्यांदा वाटलं, असेल बाबा वास. मग वाटलं, हिला मी नकोय. तोंडावर सांगवत नाही, म्हणून खाडीआडून सांगतेय."

तिला आधी राग आला, इतका की फोन आपटावा. मग आठवलं, की इतक्या वर्षांत या फोनवर तिने एकदाही त्याला 'या' म्हटलं नव्हतं. खाडी उघडेल तेव्हा या, एवढंच. दाराबाहेर सासरे होते, हातातली दोरी थांबली होती, ते ऐकत होते. ऐकू देत, तिला वाटलं.

"तो वास तुमचाच होता," ती म्हणाली.

आणि तिने जाकिटाचं सांगितलं. ट्रंक, पिशवी, गाठ, कॉलर, हात, साबण. लाज वाटेल तिथे थांबून, पुन्हा पुढे.  पलीकडे हातोड्यांचा आवाज लांब गेला, तो कुठेतरी आडोशाला आला असावा.

"आता कुठेय ते?" त्याने विचारलं.

"धुतलं. उन्हात टाकलं. सगळा वास गेला त्याचा."

"सगळा?"

"सगळा. आता माझ्याकडे तुमचं काही उरलं नाही. म्हणून तर म्हणतेय, या. खाडीसाठी नका येऊ. मला करमत नाही, म्हणून या."

पलीकडे त्याने नाक ओढलं. मग विचारलं, की सकाळची बस अजून लिलावघरापाशी थांबते का.

"थांबते," ती म्हणाली. "नाही थांबली तर मी रस्त्यात आडवी उभी राहीन."